त्लातेलोल्कोचे गुरुजी : बर्नार्दिनो दे साहागुन

आज जेथे मेक्सिको सिटी हे महानगर पसरले आहे, तेथे पाचशे वर्षांपूर्वी विस्तीर्ण सरोवर होते आणि त्यातील बेटावर तेनोच्तित्लान व त्लातेलोल्को ही जुळी नगरे वसलेली होती. मेशिका लोकांची, म्हणजे ज्यांना आपण सामान्यतः अ‍ॅझ्टेक म्हणतो त्यांची, ही राजधानी. एर्नान कोर्तेस याच्या स्पॅनिश सैन्याने आणि त्याला मिळालेल्या स्थानिक शत्रुराज्यांनी १५२१ च्या ऑगस्ट महिन्यात ती जिंकली. देवीच्या साथीने खंगलेले आणि वेढ्यात उपाशी पडलेले नगर ढासळले. या विध्वंसानंतर आठ वर्षांनी, १५२९ साली, तिशीच्या वयाचे एक फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक त्या भूमीवर उतरले. त्यांचे उर्वरित सारे आयुष्य तेथेच जायचे होते.

बर्नार्दिनो यांचा जन्म १४९९ च्या सुमारास स्पेनमधील साहागुन या गावी झाला. पंथाच्या रीतीप्रमाणे दीक्षेनंतर गावाचे नाव हेच त्यांचे आडनाव झाले. शिक्षण सालामान्का विद्यापीठात झाले. कोर्तेसने स्पेनला नेलेले काही मेशिका सरदार त्याच प्रवासात मायदेशी परतत होते आणि जहाजावरच बर्नार्दिनोंनी त्यांच्याकडून नाहुआतल भाषेचे पहिले धडे घेतले, असे सांगतात. ती भाषा पुढे त्यांना इतकी अवगत झाली की तिच्या जाणकारांत त्यांची गणना होऊ लागली.

त्लातेलोल्को येथे ६ जानेवारी १५३६ रोजी सांता क्रुझ विद्यालयाची स्थापना झाली. जिंकल्या गेलेल्या सरदारघराण्यांतील मुलांना तेथे लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व आणि संगीत शिकविले जाई. साहागुन तेथे लॅटिन शिकवू लागले. स्थानिक मुलांच्या डोक्यात लॅटिन शिरणार नाही, असे म्हणत आधी अनेक स्पॅनिशांनी हा उद्योग हसण्यावारी नेला. काही वर्षांतच ती मुले लॅटिनमध्ये पद्यरचना करू लागली, तेव्हा तक्रारीचा सूर बदलला : यांना इतके शिकविणे धोक्याचे आहे! १५५५ च्या धर्मपरिषदेने स्थानिकांना धर्मगुरूची दीक्षा देण्यास मनाई केली. ज्या पदासाठी ही विद्या उपयोगी पडली असती, त्याचे दार असे बंद झाले. विद्या मात्र वाया गेली नाही. स्थापनेनंतर सुमारे दहा वर्षांनी विद्यालयाचा कारभार त्याच्याच माजी विद्यार्थ्यांच्या हाती सोपविण्यात आला.

त्याच सुमारास, १५४५ मध्ये, भीषण साथ आली. एकट्या त्लातेलोल्कोत आपण दहा हजारांहून अधिक प्रेते पुरली, असे साहागुन यांनी नोंदविले आहे. शेवटी ते स्वतःही आजारी पडले आणि मरता मरता वाचले. जी माणसे मरत होती, त्यांच्याबरोबर त्यांची स्मृतीही मातीत जात होती. वडीलधारे आपल्या मुलामुलींना करीत असलेली उपदेशपर भाषणे साहागुन यांनी १५४७ मध्ये लिहून घेतली. सहाव्या ग्रंथात ती समाविष्ट आहेत, आणि त्यांतील भाषेची भारदस्त गोडी पाहता या लोकांना रानटी म्हणणाऱ्यांना हे एकच प्रकरण पुरेसे उत्तर ठरावे.

साहागुन यांना केवळ जुन्या संस्कृतीचे प्रेमळ जतनकर्ते मानणे सत्याला धरून होणार नाही. जुना धर्म मुळापासून उखडावा, हाच त्यांचा हेतू होता. वैद्याला रोग ओळखता आला पाहिजे, तसे उपदेशकाला मूर्तिपूजेचे स्वरूप कळले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद असे. तेश्कोकोचा सरदार डॉन कार्लोस याच्यावर १५३९ मध्ये पाखंडाचा खटला चालला आणि त्याला जाळण्यात आले. त्या खटल्यातील दुभाष्यांमध्ये साहागुन यांचे नाव आढळते. उपदेशासाठी लोकभाषा आत्मसात करण्याची ही वाट मराठी वाचकाला अपरिचित नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते अशाच हेतूने. परंतु साहागुन यांनी सुरू केलेले काम त्यांच्या हेतूच्या फार पुढे निघून गेले.

१५५८ मध्ये वरिष्ठांच्या आज्ञेने ते तेपेपुल्को येथे गेले. तेथील दहाबारा जाणत्या वृद्धांना त्यांनी एकत्र बसविले आणि आधी आखलेल्या प्रश्नांनुसार विचारपूस सुरू केली. वृद्धांनी आपल्या पद्धतीप्रमाणे चित्रांतून उत्तरे दिली, आणि विद्यालयात शिकलेल्या तरुणांनी प्रत्येक चित्राखाली त्याचा अर्थ रोमन अक्षरांत, नाहुआतल भाषेत लिहिला. पुढे त्लातेलोल्को येथे नव्या वृद्धांपुढे तोच मजकूर तपासला गेला आणि मेक्सिको नगरीत तिसऱ्यांदा. मजकूर असा तीन चाळण्यांतून गाळून घेण्याची ही रीत त्या काळात विरळाच होती. अस्कापोत्साल्कोचे आंतोनियो वालेरियानो, क्वाउतित्लानचे आलोन्सो वेखेरानो व पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा, त्लातेलोल्कोचे मार्तिन हाकोबिता या सहकाऱ्यांची नावे साहागुन यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहेत.

यातून बारा ग्रंथ सिद्ध झाले. देवता, उत्सव, शकुन, राजे, व्यापारी, पिसांचे कलाकाम करणारे कारागीर, वनस्पती, प्राणी, खनिजे, काय नाही त्यात! बाजारातील मिरची विकणारा आहे, टोमॅटो विकणारा आहे. चांगला विक्रेता कोण आणि नासका माल गळ्यात मारणारा कोण, हेही आहे. आपल्या रोजच्या आमटीत पडणाऱ्या या दोन्ही वस्तू त्याच खंडातून आलेल्या, आणि टोमॅटो हा शब्द तर मुळात नाहुआतल भाषेतील ‘तोमात्ल’. बाराव्या ग्रंथात स्वारीची हकिकत पराभूतांच्या बाजूने सांगितली आहे : उत्सवात नाचणाऱ्यांची कत्तल, देवीने सुजलेली शरीरे, वेढ्यातील उपासमार.

मूळ नाहुआतल मजकुराची स्वच्छ प्रत १५६९ मध्ये तयार झाली. लगेच पंथातूनच आक्षेप आला : लेखनिकांवर पैसा खर्च करणे दारिद्र्यव्रताला शोभत नाही! सत्तरी ओलांडलेल्या, हात थरथरणाऱ्या साहागुन यांचे लेखनिक काढून घेण्यात आले आणि ग्रंथ प्रांतभरच्या मठांत विखुरले गेले. काही वर्षांनी ते परत मिळाले. रोद्रिगो दे सेकेरा या वरिष्ठांनी पाठीशी उभे राहून स्पॅनिश अनुवादासह नवी प्रत करण्यास सांगितले. डाव्या स्तंभात स्पॅनिश, उजव्या स्तंभात नाहुआतल. स्पॅनिश मजकूर जेथे आखूड पडला, तेथील मोकळी जागा चित्रांनी भरली. सारी मिळून ही चित्रे सुमारे अडीच हजार भरतात. काम चालू असतानाच १५७६ ची साथ कोसळली. शेवटच्या भागातील अनेक चित्रे रंगाविना, नुसत्या काळ्या रेषांत राहिली आहेत.

एप्रिल १५७७ मध्ये राजा दुसरा फिलिप याचे फर्मान निघाले : साहागुन यांचे सर्व लेखन जप्त करून स्पेनला पाठवावे आणि येथील लोकांच्या जुन्या चालीरीतींविषयी कोणत्याही भाषेत कोणीही काही लिहू नये. १५८० मध्ये सेकेरा सचित्र प्रत घेऊन युरोपात गेले. ती पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे पोचली आणि आज तेथील लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. साहागुन मात्र लिहीतच राहिले. १५८५ मध्ये, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी स्वारीचा ग्रंथ पुन्हा लिहून काढला. १५९० साली मेक्सिको नगरीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या बारा ग्रंथांचा स्पॅनिश मजकूर मेक्सिकोत छापला जाण्यास १८२९ साल उजाडावे लागले. विद्यार्थ्यांनी लिहिलेला नाहुआतल स्तंभ संपूर्णपणे वाचकांसमोर यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली.