टिळकांच्या घरातले धर्मांतर



घरातील एकाने धर्म बदलला आणि दुसऱ्याचे मन जुन्याच उंबऱ्यावर थांबले, तर त्या घराने काय करावे? हा प्रश्न संगमनेर तालुक्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. मुलगा बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणतो, आणि आजीच्या कोनाड्यात खंडोबाचा टाक अजून असतो. बाप विहारात जातो, आणि आई चोरून उपास धरते. अशा वेळी कोणी आवाज चढवतो, कोणी रुसतो, कोणी गप्प बसतो. आपल्याच जिल्ह्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका घरापुढे उभा होता. ते घर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. त्यांचा धर्म आपला नव्हे. तरी त्यांची हकिकत आपण नीट ऐकावी अशी आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई मायाळू आणि काव्याची आवड असलेली, वडील कडक. आई लवकर वारली आणि पोरगा घराबाहेर पडला. नाशिकला त्याने गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृतचा अभ्यास केला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्याला दिली. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. सासरी आल्यावर तिचे नाव लक्ष्मी झाले.

टिळक एका जागी टिकणारे गृहस्थ नव्हते. नोकरी धरायची, सोडायची, हाती आलेला पैसा कोणालाही देऊन टाकायचा, आणि मनात आले की घर सोडून चालू लागायचे, असा त्यांचा स्वभाव. बायकोच्या वाट्याला वाट पाहणे आले. परंतु या भटकंतीत एक शोधही होता. जातिभेदाने पोखरलेला धर्म त्यांना पटेनासा झाला होता. नागपुरास असताना नवा धर्मच काढावा असा विचार त्यांनी केला. मग एकदा आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन वाचून त्यांचे मन हलले. पुष्कळ वाचन आणि घालमेल झाल्यावर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. माणसाने स्वतः विचार करून, समाजाचा रोष पत्करून धर्म निवडावा, हे धैर्याचेच काम. पण या धैर्यात टिळकांनी आपल्या पत्नीला बरोबर घेतले नव्हते. तिच्या संमतीवाचून, ती दूर असताना त्यांनी हे पाऊल उचलले. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत, आणि त्याच्या घरचे पाणी पिण्याची सोय नाही. लहानग्या दत्तूला घेऊन ती माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिली. पंढरपुरात दिवस काढले. अशी जवळजवळ पाच वर्षे गेली. नवऱ्याने सत्य शोधले, त्याची किंमत बायकोने भरली. हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पुरुषाच्या धर्मांतराचा गौरव करताना स्त्रीच्या अश्रूंचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही.

पण टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, मनधरणी केली. तिचा धर्म तिच्याकडून हिसकावून घेतला नाही. अखेर ती नगरला येऊन त्यांच्याजवळ राहू लागली, तीदेखील आपले सोवळे सांभाळून. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको एकाच संसारात राहिली. नवऱ्याने हे चालू दिले.

मग तिचे तिनेच विचार केला. जाती केल्या कोणी? देवाने की माणसांनी? देवाने केल्या असत्या, तर माणसामाणसांत काहीतरी निराळेपण दिसले असते. ते कोठेच दिसत नाही. म्हणजे हे माणसांचेच काम. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने हा निर्णय स्वतःच्या बुद्धीने केला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. आधी जात सुटली, धर्म नंतर बदलला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाचे ते दिवस होते. पोरक्या झालेल्या मुलांना तिने घरात घेतले, त्यांना जेवू-खाऊ घातले. काल ज्यांची सावली टाळायची, त्यांचीच लेकरे आज तिच्या पंक्तीला बसली.

पुढे हे कुटुंब नगरला आणि काही काळ राहुरीला राहिले. १९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती मंडळींना रोज घरी बसून म्हणता येईल असे काहीतरी हवे, हे त्यांनी ओळखले. तोवर पुष्कळशी गीते परक्या चालींची, भाषांतराची. शेतात राबून आलेल्या माणसाच्या तोंडी ती बसत नसत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. घरात दिवा लागल्यावर आईबापांनी मुलांना घेऊन म्हणावीत अशी सोपी पदे त्यांनी रचली. महाराष्ट्रातल्या चर्चमधून ती आजही म्हटली जातात. १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले. केवढे हे क्रौर्य ही त्यांची कविता तर शाळेच्या पुस्तकातून कित्येकांच्या पाठात आली. बालकवी ठोंबरे हे याच घरात मुलासारखे राहिले होते.

धर्म बदलून टिळक मिशनचे झाले, पण मिशनचे मिंधे झाले नाहीत. परदेशी माणसांच्या पैशावर आणि हुकमावर चालणारा धर्म या मातीत रुजणार नाही, हे त्यांना दिसत होते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. हे काम उभे राहण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या. त्यांनी अर्धे ठेवलेले ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जिला अक्षरओळख सासरी आल्यावर झाली, तिच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला आणि मराठी गद्यात मानाने जाऊन बसला. १९३६ साली त्याही गेल्या.

आता आपल्याकडे वळू. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालले. दुष्काळाच्या काळात महार-मांग वस्त्यांतून पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. पण जात चर्चच्या दारात गळून पडली नाही. बेटीव्यवहारात ती उरली. धर्मांतरिताच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी या गोष्टीवर नेमके बोट ठेवले आहे. टिळकांना ब्राह्मण्य सोडावे लागले, हा त्यांचा त्याग खरा. आपल्या माणसांना सोडायला ब्राह्मण्य नव्हते. त्यांना माणूसपण मिळवायचे होते. म्हणून बाबासाहेबांनी वेगळी वाट धरली. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, आणि दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी अभ्यास केला आणि समाजाला विचार करायला वेळ दिला. नागपूरला ते पत्नीसह दीक्षेला उभे राहिले, आणि समोर लाखो लोक बायकामुलांसह उभे होते. टिळकांच्या घरात जे पाच वर्षे तुटले होते, ते तेथे एकत्र होते.

तरीही प्रत्येक घरातली प्रत्येक व्यक्ती त्या दिवशी मनाने पोहोचली असेल असे नाही. दीक्षा एका दिवसात घेता येते. समजुतीला दिवस लागतात. म्हणून दोन गोष्टी ध्यानात धरा. स्वतः घेतलेल्या प्रतिज्ञेत तडजोड करू नका. आणि ज्याला अजून पटलेले नाही, त्याच्या हातून काही हिसकावून घेऊ नका. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. ही मोकळीक आपण बाहेरच्या जगाकडे मागतो. तीच घरातल्या आईला, सुनेला आणि आजीला दिली पाहिजे.

टिळकांनी ओळखलेली दुसरी गोष्टही उपयोगाची आहे. जे रोज घरात म्हटले जाते आणि कळते, तेच टिकते. त्रिशरण-पंचशील पालीत म्हणा, पण त्याचा अर्थ मराठीत सांगा. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घाईने उठू नका. पाचांपैकी एकच शील घ्या आणि ते आपल्या घरात, शेतात, बाजारात कसे पाळायचे, हे मुलांना विचारा. आजीला आधी बोलू द्या. कदाचित ती काही वेगळेच म्हणेल. ते शांतपणे ऐकून घ्या.