जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा

शाळेत गोपाळ गणेश आगरकर मला भेटले ते एका मार्काच्या प्रश्नात, थोर समाजसुधारक म्हणून. या माणसाची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती, हे बरंच नंतर कळलं.

जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरी गरिबी. एम. ए. होताना त्यांनी आईला कळवून टाकलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार. (कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री असं पत्र घरी धाडून बघा!) १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी'चं संपादकपद. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळकांबरोबर डोंगरीचा तुरुंग.

तो तुरुंग १०१ दिवसांत संपला आणि सुटल्यावर लोकांनी सत्कारही केला. पण बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर लिहायला लागल्यावर तेच लोक उलटले. सरकारची शिक्षा मोजता येते, रूढीची येत नाही, आणि ती द्यायला शेजारीपाजारीच पुरतात. १८८७ मध्ये 'केसरी' सुटला, टिळकांशी मैत्रीही तुटली. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला.

एक गोष्ट मला आधी पटेना. मिल, स्पेन्सर वाचून व्यक्तिस्वातंत्र्य मांडणारा हा माणूस १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूने कसा? परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हे टिळकांचं म्हणणं वरवर तरी जास्त स्वातंत्र्यवादी वाटतं. पण प्रश्न कोणाच्या स्वातंत्र्याचा? वयाची अट १० वरून १२ वर जाणार होती. त्या वयाची मुलगी घरात कोणाला नाही म्हणणार? समाजाला मोकळीक दिली की ती वडीलधाऱ्यांच्या हातात पडते, मुलीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आगरकरांना तिथे कायदा हवा होता. मला त्यांचं बरोबर वाटतं.

स्वतःच्या घरात मात्र त्यांनी सक्ती केली नाही. यशोदाबाई देवधर्म करणाऱ्या, हे देव न मानणारे. तरी त्यांची पूजाअर्चा चालूच राहिली.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा जुनाच. १७ जून १८९५ ला गेले, चाळिशीही गाठली नव्हती. उशाशी एक पुरचुंडी सापडली म्हणतात. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच बांधून ठेवले होते.