पगारी खेळाडूची शेवटची धाव

रग्बी आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावायचे आणि तो प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, याला ‘ट्राय’ म्हणतात, एवढे ठाऊक असले तरी जॅक हॅरिसनची हकिगत समजते. आणखी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ती पैशाची. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे माझे लक्ष आधी तिकडेच जाते.

उत्तर इंग्लंडमधले बरेचसे रग्बीपटू गिरण्या-खाणींतले कामगार. सामन्यासाठी खाडा केला की रोज बुडे. त्याची भरपाई मिळावी, ही मागणी रग्बीच्या धुरिणांनी धुडकावली. पैसा आला की खेळ बाटला, अशी त्यांची समजूत. अखेर १८९५ साली हडर्सफील्डच्या बैठकीत उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तिचेच पुढे रग्बी लीग झाले.

हॅरिसन या चुलीवरचा. जन्म १८९० चा, हल बंदरातला. यॉर्कला तो शिक्षक होण्यासाठी शिकला, तिथे थोडे सामने खेळला आणि १९१२ मध्ये हल क्लबात आला. एरवी लाइम स्ट्रीटच्या शाळेत मास्तरकी आणि सुट्टीच्या दिवशी मैदान, असा त्याचा क्रम. १९१३ मध्ये क्लबाने बिली बॅटनसाठी ६०० पौंड मोजले. तेव्हाचा तो विक्रम. बॅटनने मधून बचाव फोडावा आणि कडेने हॅरिसनने सुसाट सुटावे, अशी जोडी जमली. १९१३-१४ च्या हंगामात त्याने ५२ ट्राय केले. हल क्लबात हा आकडा अजून कोणाला ओलांडता आलेला नाही. एप्रिल १९१४ मध्ये वेकफील्डला ६-० हरवून क्लबाने चॅलेंज कप जिंकला. त्यातल्या दोन ट्रायपैकी एक त्याचा.

त्याच सप्टेंबरात त्याचे लिलियनशी लग्न झाले, तेव्हा महायुद्ध पेटले होते. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, लष्करभरतीची सक्ती येण्याआधीच, हॅरिसन सैन्यात गेला. ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटमध्ये हलच्या लोकांच्या चार पलटणी होत्या. त्यांतली एक खेळाडूंची म्हणून ओळखली जाई. या नामांकित खेळाडूच्या वाट्याला मात्र कारागिरांची आली! १९१७ च्या आरंभी शत्रूचा एक सैनिक जिवंत पकडून आणणाऱ्या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

३ मे १९१७ च्या पहाटे फ्रान्समध्ये ऑपी गावच्या रानावर हल्ला झाला. अंधार आणि तोफांचा धूर. त्यात मशीनगनने कंपनीला रोखून धरले. हॅरिसनने माणसे गोळा करून चढाई केली, ती फसली. पुन्हा जमवाजमव केली, तीही फसली. तेव्हा माणसांना मागे ठेवून, पिस्तूल आणि हातबाँब घेऊन, तो एकटाच त्या मशीनगनवर धावून गेला. तोफ गप्प झाली. हॅरिसन परतला नाही. सव्वीस वर्षांचा होता. त्याचा देह सापडला नाही. नाव अर्रासच्या स्मारकावर आहे.

पैसे घेणारा खेळाडू फक्त पैशासाठी धावतो, असे मानणाऱ्यांना या धावेचा हिशेब कुठल्या खात्यात मांडता आला असता? मोबदला घेणे आणि विकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टाचे दाम मागणारा माणूस वेळ आली की स्वतःला फुकट उधळून देतो, हे पोट भरलेल्यांना सहसा उमगत नाही.

१९१८ च्या मार्चमध्ये राजा पाचव्या जॉर्जने लिलियनच्या हाती व्हिक्टोरिया क्रॉस दिला. पेन्शन तुटपुंजे होते. मुलाच्या शिक्षणासाठी निधी उभारावा लागला. तो मुलगा शिकला, लष्करात कॅप्टन झाला आणि १९४० साली डंकर्कच्या लढाईत मारला गेला. नवरा आणि मुलगा, दोघेही फ्रान्समध्ये गेले. हलच्या स्टेडियमबाहेर हॅरिसनचे स्मारक २००३ मध्ये उभे राहिले. ते पाहायला लिलियन नव्हती. ती १९७७ मध्ये वारली. त्या पहाटेनंतर तब्बल साठ वर्षांनी.