दवबिंदू आणि डार्विन

चार्ल्स डार्विन हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. माकडापासून माणूस झाला असे सांगणारा दाढीवाला शास्त्रज्ञ, एवढीच बहुतेकांना त्याची ओळख. आणि तीही नीट नव्हे, कारण माणूस व माकडे यांचे पूर्वज एक होते, असे त्याचे म्हणणे होते. गेल्या वर्षापर्यंत माझीही ओळख तेवढीच होती. नंतर आपल्या ग्रंथालयात त्याचे एक चरित्र हाती लागले. त्या पुस्तकात मला निराळाच डार्विन भेटला. हा डार्विन स्वतःच्या घरी बसून वीतभरही नसलेल्या एका रोपट्याला मांसाचे कण भरवीत असे आणि पुढे काय होते ते पाहत तासन्‌तास बसून राही. त्याच्याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी त्याला वैद्यकी शिकण्यासाठी एडिंबरोला पाठविले. पण शस्त्रक्रिया पाहवेना, म्हणून त्याने दोन वर्षांत ते शिक्षण सोडले. मग धर्मोपदेशक तरी होईल या आशेने त्याला केंब्रिजला घातले. तेथे त्याचा जीव पुस्तकांपेक्षा भुंगेरे गोळा करण्यात अधिक रमला. शिकार आणि कुत्री यांपलीकडे या मुलाला काही सुचत नाही, ही वडिलांची तक्रार होती. पुढे जगाचा विचार बदलणारा हा माणूस बावीस वर्षांचा होईपर्यंत घरच्यांच्या दृष्टीने वाया गेलेलाच होता!

1831 मध्ये बीगल या जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी त्याच्याकडे चालून आली. वडिलांनी नकार दिला. तेव्हा मदतीला आला तो मामा. जोसाया वेजवुड या मामाने वडिलांची समजूत घातली आणि भाच्याचा मार्ग मोकळा झाला. पाच वर्षांचा तो प्रवास 1836 मध्ये संपला. पुढे 1839 मध्ये डार्विनने याच मामाच्या मुलीशी, एमाशी, लग्न केले. आपल्या मराठवाड्यातील वाचकांना यात काहीच नवल वाटणार नाही.

1842 मध्ये हे कुटुंब लंडन सोडून डाउन या खेड्यात राहावयास आले. उरलेली चाळीस वर्षे डार्विनने तेथेच काढली. प्रकृती कायमची नाजूक, दहा मुले झाली त्यांतली तीन लहानपणीच गेली, आणि लाडकी अ‍ॅनी दहा वर्षांची असताना 1851 मध्ये वारली, ते दुःख त्याला जन्मभर पुरले. त्याने कोणत्याही विद्यापीठात नोकरी केली नाही. घर हीच त्याची प्रयोगशाळा होती.

1859 च्या नोव्हेंबरात त्याचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि एकच खळबळ उडाली. जून 1860 मध्ये ऑक्सफर्डला त्यावर प्रसिद्ध वादविवाद झाला. डार्विन तेथे नव्हताच. आजारपणामुळे तो उपचार घेत होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो ससेक्स परगण्यात एमाच्या बहिणीकडे राहावयास गेला. तेथील माळरानावर त्याला एक लहानसे रोप दिसले. त्याच्या गोल पानांवर तांबूस केस होते आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट रसाचा थेंब. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, दव पडले आहे. त्या थेंबांना किडे चिकटून मेले होते. डार्विनने सहज बारा रोपे उचलली आणि पाने मोजली. पूर्ण उमललेली पाने 56 होती. त्यांपैकी 31 पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. सारे जग त्याच्या ग्रंथावर भांडत असताना तो माळावर मेलेल्या माशा मोजत होता, हे वाचून मला हसू आले आणि नंतर फार आदर वाटला.

हे रोप म्हणजे ड्रॉसेरा. त्याच्या कुळातील दोन जाती आपल्या महाराष्ट्रातही आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात त्या दिसतात आणि लोक त्यांना दवबिंदू म्हणतात.

डार्विनने रोपे घरी आणली आणि प्रयोग सुरू केले. एका पानावर कच्च्या मांसाचा कण ठेवावा, दुसऱ्यावर काचेचा तुकडा. दोन्हींवर केस वाकत. परंतु काचेवरचे लवकर उघडत आणि मांसावरचे कितीतरी दिवस मिटलेले राहत. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे बारीक चौकोनी तुकडे ठेवले, तेव्हा आधी त्यांचे कोपरे विरघळले, मग सगळा तुकडा. आपल्या पोटात जे घडते तेच त्या पानावर घडत होते. त्याने 31 पानांवरचे केस मोजले; सरासरी 192 भरली. माणसाच्या केसाचा, ग्रेनच्या 78,740 व्या भागाइतक्या वजनाचा तुकडाही त्या पानाला जाणवे. पण पावसाचे थेंब कितीही पडले तरी पान हलत नसे. पावसाला फसून शक्ती वाया घालविणे रोपाला परवडणारे नाही. एमा गमतीने म्हणे की, हे रोप म्हणजे प्राणीच आहे असे सिद्ध केल्याशिवाय आपले यजमान थांबावयाचे नाहीत.

मध्ये इतर ग्रंथांची कामे आली. 1872 मध्ये तो पुन्हा या रोपाकडे वळला आणि 1875 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ बाहेर पडला. पहिली रोपे उचलल्याला तोवर पंधरा वर्षे झाली होती!

इतके करूनही एक प्रश्न राहिलाच. किडा पचविल्याने रोपाचा खरोखर फायदा होतो काय? काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे होते की, किडे न मिळताही रोप जगते. हा प्रश्न सोडविला तो डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने. बायकोच्या अकाली मृत्यूनंतर तान्ह्या मुलाला घेऊन तो 1876 मध्ये वडिलांकडे परत आला होता. 1877 मध्ये त्याने जेवणाच्या खोलगट बशांत रोपे लावली, प्रत्येक बशीच्या मध्ये आड घातली आणि वरून जाळीदार कापड घातले. एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे कण भरविले, दुसऱ्या बाजूच्या रोपांना उपाशी ठेवले. शेवटी सर्वांत मोठा फरक दिसला तो बियांत. भरविलेल्या रोपांना दुपटीहून अधिक बिया आल्या. बापाचे उरलेले काम लेकाने बिया मोजून पुरे केले. 19 एप्रिल 1882 रोजी डार्विन वारला तेव्हा त्याला हे उत्तर मिळालेले होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला पुरले.

हे वाचून मला स्वस्थ बसवेना. दहावीनंतर विज्ञान घ्यावे असे माझ्या फार मनात होते; परंतु जाण्यायेण्याचा आणि शिकवणीचा खर्च घरी झेपणारा नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा कला शाखा तर कला शाखा. प्रयोगशाळा आपल्या नशिबी नाही, असे मी धरून चालले होते. पण डार्विनची प्रयोगशाळा म्हणजे तरी काय? बश्या, काच, केस आणि चिकाटी. योगायोगाने माझाही मामाच मदतीला आला. तो पुण्याला रोपवाटिकेत कामाला आहे. त्याने ड्रॉसेरा बर्मानी या जातीचे बी कागदाच्या पुडीत पाठविले. डार्विनच्या गोल पानांच्या जातीला आपला उन्हाळा सोसत नाही. हिला सोसतो, आणि रुजण्यापूर्वी तिच्या बियांना थंडीही लागत नाही.

पुडी उघडली तर आत चिमूटभर काळी धूळ! पहिल्या वेळी मी आमच्या हळदीच्या वावरातली काळी माती घेतली, त्यात थोडे शेणखत मिसळले आणि बोअरचे पाणी घातले. एकही बी रुजले नाही. जी माती हळदीला पोसते, तिच्यात दवबिंदू मरतो. ज्या जमिनीत काही नाही तेथे जगण्यासाठीच तर तो किडे खातो. त्याच्या मुळांना खत आणि पाण्यातले क्षार दोन्ही बाधतात.

दुसऱ्या वेळी नारळाच्या काथ्याचा भुसा आणि धुतलेली वाळू सम प्रमाणात घेतली. भुशातले मीठ जावे म्हणून तो पावसाच्या पाण्यात तीन वेळा भिजवून पिळला. बी वरच भुरभुरले, झाकले नाही, कारण उजेडाशिवाय ते रुजत नाही. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला, म्हणजे पाणी खालून चढते, आणि वरून पातळ प्लास्टिक बांधले. पाणी फक्त पत्र्यावरून घागरीत धरलेले. आईने विचारले, याला फळ काय येते? मला उत्तर देता आले नाही. तरीही घागर भरून ठेवण्याचे काम तिनेच अंगावर घेतले.

अठराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले; भिंगाखाली त्यांच्यावर दवही दिसले. मोजले तर अकरा. त्यांतली सात जगली. मोठी झाल्यावर मी एका पानावर मेलेला डास ठेवला, आणि पाहता पाहता कडेचे केस त्याच्यावर वाकले. आईने वडिलांना हाक मारली. दिवसभर सोयाबीन काढून आलेले वडील डब्यापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी विचारले की, मीठ ठेवले तर काय होईल? डार्विननेही नाना प्रकारचे क्षार ठेवून पाहिले होते, हे मी त्यांना सांगितले.

मित्रमैत्रिणींनो, माझी सात रोपे काही सिद्ध करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. फ्रान्सिसने जवळजवळ दोनशे रोपे घेतली होती. परंतु दोन रोपांना फुले आली आणि आता माझ्या वहीत त्यांच्या बियांची पुडी आहे. येत्या पावसाळ्यात दोन ताटल्या मांडणार आहे. एक उघडी, एक मच्छरदाणीच्या कापडाखाली. बिया मोजण्याचे काम वडिलांनी मागून घेतले आहे. आपणांपैकी कोणाला बी हवे असेल तर अवश्य मागावे. काळी माती मात्र घालू नये.