राजाची नाडी बघणारा डॉक्टर, ज्याच्यावर अख्खं राज्य उलथवल्याचा आळ आला

३० मार्च १२८२. ईस्टरनंतरचा सोमवार. सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहराबाहेर एका चर्चजवळ जत्रेसारखी गर्दी जमली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. तेवढ्यात एका फ्रेंच शिपायाने तिथल्या एका बाईची छेड काढली.

त्या बाईच्या माणसांनी सुरा काढला. शिपाई जागेवर मेला. त्याच्या सोबत्यांना जमावाने घेरलं आणि त्यांनाही संपवलं. सगळीकडे घंटा वाजायला लागल्या. पालेर्मोत सापडेल तो फ्रेंच मारला गेला. एका रात्रीत सुमारे दोन हजार लोक मेल्याचं सांगितलं जातं. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती.

इतिहासात याला सिसिलियन व्हेस्पर्स म्हणतात. व्हेस्पर्स म्हणजे संध्याकाळची प्रार्थना.

आता इतका मोठा उठाव म्हटल्यावर लोक विचारणारच, यामागे डोकं कुणाचं? शेकडो वर्षं याचं एकच उत्तर दिलं गेलं. जोव्हान्नी दा प्रोचिदा. वय सत्तरीच्या पुढे आणि मूळचा धंदा डॉक्टरकी.

जोव्हान्नीचा जन्म साधारण १२१० चा, दक्षिण इटलीतल्या सालेर्नोचा. त्या काळात युरोपात कुणाला डॉक्टर व्हायचं असेल तर सालेर्नोसारखी दुसरी जागा नव्हती. ग्रीक आणि अरबी वैद्यकाची पुस्तकं तिथे लॅटिनमध्ये शिकवली जायची. जोव्हान्नी तिथेच शिकला आणि त्याचं नाव इतकं झालं की थेट सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा तो वैद्य झाला.

डिसेंबर १२५० मध्ये फ्रेडरिक वारला तेव्हा जोव्हान्नी त्याच्याजवळ होता. सम्राटाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणूनही त्याचं नाव आहे. राजाच्या अंथरुणाशेजारी बसणाऱ्या माणसाला राज्यातली सगळी गुपितं कळतात. डॉक्टरचा मुत्सद्दी झाला तो असा.

पुढे फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड राजा झाला. जोव्हान्नी त्याच्या खास विश्वासातला. नेपल्सजवळचं प्रोचिदा बेट त्याच्या मालकीचं होतं, शिवाय इतर जहागिऱ्या होत्या. १२६० मध्ये सालेर्नोला नवीन बंदर उभं राहिलं, त्यातही त्याचा पुढाकार होता.

पण पोपला हे घराणं नको होतं. पोपने फ्रान्सच्या राजाचा भाऊ, अंजूचा चार्ल्स याला सिसिलीचं राज्य देऊ केलं. फेब्रुवारी १२६६ मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत मॅनफ्रेड मारला गेला. दोन वर्षांनी फ्रेडरिकचा नातू कॉनराडिन राज्य परत घ्यायला आला. तो हरला, पकडला गेला आणि नेपल्सच्या चौकात त्याचं मुंडकं उडवण्यात आलं. पोरगा अवघा सोळा वर्षांचा होता.

जोव्हान्नीने कॉनराडिनची बाजू घेतली होती. त्यामुळे जहागिऱ्या जप्त झाल्या. साठीच्या उंबरठ्यावर असताना घरदार सोडून त्याला परमुलखात पळावं लागलं.

तो पोचला आजच्या स्पेनमधल्या आरागॉनला. तिथेच का? कारण तिथल्या युवराज पेद्रोची बायको कॉन्स्टन्स ही मॅनफ्रेडची मुलगी. म्हणजे सिसिलीच्या गादीची शेवटची मोठी वारस. १२७६ मध्ये पेद्रो राजा झाला आणि जोव्हान्नी त्याच्या दरबारातला वजनदार माणूस बनला. त्याला व्हॅलेन्सियाकडे नवीन जमिनीही मिळाल्या.

इथून पुढची गोष्ट एखाद्या सिनेमासारखी सांगितली जाते.

जोव्हान्नी साधूचा वेश घेऊन निघाला. कॉन्स्टँटिनोपलला जाऊन तो बायझंटाईन सम्राट आठवा मायकेल याला भेटला. चार्ल्स त्याच्यावर चाल करून जाणार होता, त्यामुळे चार्ल्सच्या घरातच आग लागली तर मायकेलला हवंच होतं. त्याने पैसे दिले. मग जोव्हान्नी सिसिलीत जाऊन नाराज सरदारांना भेटला. पोप तिसरा निकोलस यालाही त्याने वळवलं. सगळे धागे जुळले आणि १२८२ मध्ये भडका उडाला.

सिसिलीच्या भाषेतल्या एका जुन्या बखरीत याच गोष्टीसाठी त्याला हिरो केलंय. पोपच्या पक्षातल्या लेखकांनी तीच गोष्ट घेऊन त्याला खलनायक केलं.

पण यात एक अडचण आहे.

ज्या काळात तो वेश बदलून हिंडत होता असं सांगतात, त्याच काळात आरागॉनच्या दरबारी कागदपत्रांवर त्याचं नाव दिसतं. शिवाय उठाव झाल्यावर सिसिलीच्या लोकांनी पेद्रोला लगेच बोलावलं नाही. त्यांनी आधी पोपकडे संरक्षण मागितलं. तेव्हा पोप होता चौथा मार्टिन, जो स्वतः फ्रेंच होता. त्याने धुडकावून लावलं, त्यानंतर लोक पेद्रोकडे वळले. सगळं आधीच ठरलेलं असतं, तर हा वळसा कशाला घेतला असता?

१८४२ मध्ये मिकेले अमारी या सिसिलीच्याच इतिहासकाराने हे ठासून मांडलं. त्याच्या मते हा उठाव कटातून झालाच नाही, तो पिचलेल्या लोकांचा संताप होता. जबर कर, फ्रेंच अधिकाऱ्यांची मुजोरी आणि राजधानी पालेर्मोहून नेपल्सला गेल्याचं दुखणं, हे सगळं सोळा वर्षं साचत होतं.

मग जोव्हान्नीचा काहीच हात नव्हता का? तर तसंही नाही. विसाव्या शतकात स्टीव्हन रन्सिमन या इंग्रज इतिहासकाराने कटाची बाजू पुन्हा उचलून धरली. पेद्रोचं आरमार उठावाच्या आधीपासून तयार होत होतं. आणि सिसिलीच्या लोकांना स्वातंत्र्य मिळवून देण्यात आपलाही वाटा होता, असं सम्राट मायकेलने स्वतःच लिहून ठेवलंय.

थोडक्यात, लाकडं रचण्यात म्हाताऱ्याचा हात असेलही. पण पालेर्मोतली ठिणगी कुणाच्या हुकमाने पडली नव्हती.

ऑगस्ट १२८२ च्या शेवटी पेद्रो सिसिलीत उतरला आणि राजा झाला. पुढच्या वर्षी जोव्हान्नी सिसिलीचा चॅन्सलर, म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी बनला. पोपने त्याला बहिष्कृत केलं, तरी तो मागे हटला नाही.

पण शेवट वेगळाच झाला. १२९५ मध्ये पेद्रोच्या मुलाने, जेम्सने, पोपशी तह करून सिसिली सोडून द्यायचं कबूल केलं. सिसिलीच्या लोकांनी ते झुगारून त्याच्या धाकट्या भावाला, फ्रेडरिकला राजा केलं. जोव्हान्नीला आता बाजू निवडायची होती. त्याने बंडवाल्यांना सोडलं आणि कॉन्स्टन्स राणीबरोबर तो रोमला गेला. ज्या पोपच्या सत्तेविरुद्ध आयुष्य घालवलं, त्याच पोपच्या शहरात १२९८ मध्ये तो वारला. वय होतं सुमारे अठ्ठ्याऐंशी.

सिसिलीचं युद्ध तो गेल्यावरही चार वर्षं चाललं. १३०२ मध्ये तह झाला तेव्हा बेट फ्रेडरिककडेच राहिलं.

पुढे १८५५ मध्ये व्हेर्दीने या उठावावर ऑपेरा केला, त्यात प्रोचिदा हे मोठं पात्र आहे. इटलीच्या राष्ट्रगीतातही व्हेस्पर्सचा उल्लेख येतो. सालेर्नोच्या कॅथेड्रलमध्ये एक मोझॅक आहे. त्यात सेंट मॅथ्यूच्या पायाशी एक छोटासा माणूस गुडघे टेकून बसलाय. तोच जोव्हान्नी.

पालेर्मोत त्या रात्री ज्यांनी सुरे काढले, त्यांची नावं मात्र कुठल्याच भिंतीवर नाहीत.