मुख्याध्यापक स्वामीजी : आपल्या जिल्ह्याने पाहिलेला शाळाप्रमुख



१७ सप्टेंबर जवळ आला की आपण शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांचा फोटो पुसून टेबलावर मांडतो, हार घालतो, मुलांची भाषणे बसवतो. भाषणात निजाम येतो, सत्याग्रह येतो, तुरुंग येतो. एक गोष्ट मात्र बऱ्याचदा राहून जाते. पुढारी होण्याआधी स्वामीजी शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. आणि त्यातली शेवटची वर्षे त्यांनी आपल्याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला काढली.

हा लेख लिहायला एक कारण घडलं. उमापूरला येण्याआधी एका शाळेत माझ्याकडे काही महिने मुख्याध्यापकाचा प्रभार होता. मी काय केलं? एक वही केली. कोण किती वाजता आलं, कोणाचं टाचण अपूर्ण आहे, कोणाच्या वर्गात गोंगाट आहे, सगळं टिपायला लागलो. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की मी वर्गात शिरलो की सहकारी मुलांकडे न बघता माझ्या वहीकडे बघतात. काम वाढलं नव्हतं, भीती वाढली होती. त्या दिवसांत स्वामीजींचं चरित्र हाती आलं आणि ते मी मुख्याध्यापकाच्या नजरेने वाचलं.

व्यंकटेश ते रामानंद

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, आज कर्नाटकात असलेल्या सिंदगी येथे. शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. १९२० मध्ये लोकमान्य गेले तेव्हा या मुलाने देशसेवेसाठी आजन्म अविवाहित राहायचे ठरवले. पुढे ना. म. जोशी यांच्यासोबत त्यांनी कामगार चळवळीत काम केले. मुंबई-दिल्लीत राहून मोठे होता आले असते. पण ते आले हिप्परग्याला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या या खेड्यात राष्ट्रीय शाळा होती. तिथे ते मुख्याध्यापक झाले.

तो काळ समजून घ्यायला हवा. हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांना मायबोलीत पुढे शिकण्याची वाट अरुंद होती. खासगी शाळा काढायला सरकारी परवानगी लागे. १९२९ च्या सुमारास आलेल्या 'गश्ती निशान ५३' या फर्मानाने तर साध्या सभेलाही परवानगी घ्यावी लागू लागली. म्हणजे शाळेवर देखरेख भरपूर होती, पण ती संशयाची होती. शाळेत काय शिकवलं जातं यापेक्षा काय शिकवलं जाऊ नये, याचीच काळजी जास्त.

अशा वातावरणात शाळेच्या आत दुसऱ्या प्रकारची देखरेख उभी करणे, हे स्वामीजींचे खरे काम होते.

देखरेख म्हणजे सोबत

हिप्परग्याची शाळा गुरुकुलासारखी चाले. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहत. आता विचार करा, जो मुख्याध्यापक सगळ्यांसोबत उठतो, सगळ्यांसोबत जेवतो, त्याला हजेरीपत्रक वेगळं तपासावं लागत नाही. कोण थकलंय, कोण मनापासून शिकवतंय, कोणता मुलगा मागे पडलाय, हे त्याला दिसतच असतं. आणि मुख्य म्हणजे तोही सगळ्यांना दिसत असतो! आपल्याकडे तपासणी एकाच बाजूने होते. तिथे ती दोन्ही बाजूंनी होती.

१९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पण संन्यास घेऊन ते डोंगरात गेले नाहीत, शाळेतच राहिले. भगव्या वस्त्रातला मुख्याध्यापक! ज्याला स्वतःसाठी घर नको, पैसा नको, बढती नको, तो सहकाऱ्याला त्याग करा असं म्हणाला तर ते पटतं. आपण स्वतः साडेदहाला येऊन दुसऱ्याला दहाची वेळ सांगितली, तर कोण ऐकणार?

१९३५ मध्ये ते अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाला मोमिनाबाद म्हणत. इथल्या योगेश्वरी शाळेच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याभोवती तयार झाले.

खरी परीक्षा

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं आणि स्वामीजी सार्वजनिक कामात ओढले गेले. १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. आता प्रश्न होता, शाळा की चळवळ? रक्ताचं पाणी करून वाढवलेली शाळा सोडून जाणं सोपं नसतं. स्वामीजी गेले. पुढची दहा वर्षं आंदोलन, अटक, तुरुंग अशीच गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. स्वामीजी गेले आणि योगेश्वरी बंद पडली नाही. ती वाढली, आजही अंबाजोगाईत उभी आहे. मुख्याध्यापकाचं काम मोजायचं खरं माप मला इथे सापडलं. आपण असताना शाळा कशी चालते हे माप नाही. आपण नसताना कशी चालते, हे माप. भीतीवर चालणारी शाळा साहेब रजेवर गेले की सैल पडते. विश्वासावर चालणारी शाळा प्रमुख तुरुंगात गेला तरी चालते.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजी १९५२ आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. तरी शिक्षणाचा धागा सुटला नाही. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागेही तेच होते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. आज नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आपण काय घ्यायचं?

आपण संन्यासी नाही. घर आहे, हप्ते आहेत, ऑनलाइन माहिती भरायची असते. तरी एवढं जमू शकतं. मी ती वही बंद केली आणि पहिलीचा वर्ग स्वतःकडे घेतला. सहकारी येऊन बघायला लागले, चुका सांगायला लागले. मग एक दिवस एका बाईंनी स्वतःहून म्हटलं, सर, माझ्या वर्गात येऊन बसा, भागाकार जमत नाहीये मुलांना. त्या दिवशी मला पहिल्यांदा मुख्याध्यापक झाल्यासारखं वाटलं.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. शाळेत आलात की फक्त निकाल विचारू नका. मोठे सर रजेवर असताना शाळा कशी भरते, तेही एकदा येऊन बघा.

मुख्याध्यापक स्वामीजींना विनम्र अभिवादन!