गाडगेबाबांची गोधडी

वारीला अंथरूण किती घ्यावं, असं नवे वारकरी दरसाल विचारतात. मला तवा गाडगेबाबा आठवतात.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली ते जन्मले, नाव डेबूजी. मामाकडं शेतात राबले. १९०५ ला घर सोडलं. संगती काठी अन् मडक्याचं खापर. अंगावर चिंध्यांची गोधडी, निजायला बी तीच. पावसात भिजली की ती किती जड होते, ते वाहणाऱ्यालाच ठाऊक! दिवसा गाव झाडावं, रात्री कीर्तन करावं. पंढरपुरी, आळंदीला, नाशकात धर्मशाळा बांधल्या. लोक आत निजले, बाबा बाहेर झाडाखाली. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीपाशी, वाटेतच देह ठेवला.